लेकीच्या नावाची ताडी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

आजपासून दारू बंद. पूर्ण बंद. बिअरसुद्धा दारूतच धरायची, असं ठरवलं आहे. याहून कडक माणूस अख्ख्या असाबा शहरात सापडणार नाही.

कारण अझुबुइकेचा फोन. माझा धाकटा भाऊ, पण बोलतो असा की मी त्याच्या शाळेत गृहपाठ न करता गेलोय. (मुख्याध्यापक आहे. सवय जात नाही.) म्हणाला, दादा, उझोचं ठरलंय. उझोअमाका, माझी लेक. मुलगा एनुगूचा, इंजिनियर. नाताळानंतरच्या शनिवारी गावात ताडीचा समारंभ. पोरीनं विचारलंय, बाबा बापाच्या खुर्चीत बसतील का.

तिची आई गेल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मला माहीत होतं, विचारणार. बापावाचून पेला भरणार कोण? बापानं ताडीचा पेला लेकीच्या हातात द्यायचा, तिनं गर्दीत नवरा शोधून त्याला पाजायचा, की झालं लग्न. पडद्यावर मी हे इतक्या वेळा केलंय की झोपेत करीन.

तिच्या अटी दोन. पिऊन यायचं नाही. आणि बाप म्हणून यायचं, इग्वे म्हणून नाही. म्हणजे लाल टोपी नको, पोवळ्याच्या माळा नकोत, घोड्याच्या शेपटीची चवरी नको, कॅमेरे नकोत. मी म्हटलं, मंजूर. एवढ्यासाठी पाच मिनिटं खर्च केलीस?

इग्वे म्हणजे गावचा राजा. मी इतक्या पिक्चरमध्ये राजा झालोय की एकदा एका खऱ्या राजानं मला पाहून उठून मान दिला होता. तो बाथरूमला जायला उठला होता, असं अझुबुइके म्हणतो. त्याला कलेतलं काही कळत नाही.

५ नोव्हेंबर

हात थरथरतात. मलेरिया असावा.

खाली पेपर सूपचं, म्हणजे झणझणीत मटण-रश्शाचं, दुकान चालवते ती मामा एबेरे, माझी घरमालकीण. (इकडे मामा म्हणजे आई.) तिला सांगितलं. म्हणाली, काय हो महाराज, हा कसला मलेरिया, माझ्या बिअरच्या फ्रिजचं दार उघडलं की घाम फोडणारा? सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. प्रजेबरोबर हसावं लागतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

काळी बिअर एक. ती दारूत धरत नाहीत, रक्त वाढवते. बाळंतिणींना देतात. माझी आईही प्यायली होती, मी पोटात असताना.

नियमात तशी दुरुस्ती केली.

१२ नोव्हेंबर

आनंदाची बातमी! ओसिताचा फोन. नवा प्रोड्यूसर आहे, पोरगाच म्हणायचा, पण पारख आहे. म्हणाला, इग्वे, तुमच्याशिवाय हा पिक्चर होऊच शकत नाही, सगळी गोष्ट राजाभोवती फिरते. शूटिंग नाताळाच्या आधी. स्क्रिप्ट मागितली नाही. मोठे नट मागत नाहीत. संवाद किती आहेत तेवढं विचारलं, तर म्हणाला, तुमचा चेहराच बोलतो, सर.

असं आधीचे प्रोड्यूसर कधी बोलले नाहीत. त्यांच्यापैकी निम्मे आता फोनच घेत नाहीत. नेटवर्कच खराब आहे आपल्याकडे.

आनंदात दोन. काळ्याच.

१७ नोव्हेंबर

डॉक्टर. पाय सुजलेत म्हणून गेलो होतो. त्यानं पापणी खाली ओढून बघितलं, म्हणाला, डोळे पिवळे झालेत. मी म्हटलं, मेकअपच्या दिव्यांनी होतं. म्हणाला, शेवटचं शूटिंग कधी केलंत? मी विषय बदलला.

यकृताचं काहीतरी सांगत होता. असंच चाललं तर पुढचा पाऊस बघणार नाही, म्हणाला. बाहेर पडताना नर्सनं माझ्याबरोबर फोटो काढला, आणि तो पिक्चरमधला चेहरा करा ना इग्वे, म्हणाली. केला. रांगेतल्या आजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, अर्धे तिथंच बरे झाले.

२१ नोव्हेंबर. वीज नाही, मेणबत्ती.

अडचण आली आहे. अडचण म्हणजे माणसांचा अडाणीपणा.

आमच्या भावकीत सर्वांत वडील ओन्वुबिको काका. दात गेले, हेका गेला नाही. काल भावकीच्या बैठकीत म्हणाले, उझोचं लग्न लावता येणार नाही. का? तर तिच्या नावाची ताडी तिच्या बापानं कधीच पिऊन टाकली आहे.

पिक्चरमधली!

झालं होतं असं. माझा तो गाजलेला पिक्चर, तीन भागांचा, ज्यातला माझा चेहरा अजून लोक एकमेकांना फोनवर पाठवतात. त्यात राजकन्येचं लग्न होतं. हिरॉइन लेगॉसहून आलीच नाही. उझो कॉलेजच्या सुट्टीत घरी होती. म्हटलं, बस नवरीच्या जागी. नाही म्हणत होती. मग म्हणाली, बसते, पण शूटिंग संपलं की तुम्ही आईकडे घरी राहायला यायचं. मी शब्द दिला. शब्द मोडला असं लोक म्हणतात ते खोटं आहे, संध्याकाळी ती हिरॉइन उगवली आणि डबिंगसाठी मला तिच्याबरोबर लेगॉसला जावंच लागलं. डबिंग लांबलं. दोन वर्षं.

पण सीन! शूटिंग आमच्याच गावात. मी हट्ट धरला की खोटं काही चालणार नाही. पाणी घातलेलं कोल्ड्रिंक नको, रंगीत सरबत नको. खरी भावकी बसवली. ओन्वुबिको काकांनी खरं कोलाफळ फोडलं (त्याशिवाय आमच्यात कुठलंही कार्य सुरू होत नाही), पूर्वजांना हाक मारली, ताडी झाडावरून त्याच सकाळी उतरवलेली. नवऱ्याच्या भूमिकेतल्या टोबेनानं मागणीच्या ताडीनं शिंग भरून पुढं केलं, आणि मी एका दमात रिकामं केलं, उलटं धरलं, मिशी पुसली आणि डरकाळी फोडली. तोच तो शॉट. डायरेक्टर रडला होता.

काका म्हणतात, तो कॅमेरा तुझा, पण कोलाफळ आमचं होतं. पूर्वजांना काय ठाऊक पिक्चर कशाशी खातात? त्यांनी पाहिलं, नवऱ्यामुलाची ताडी बाप प्यायला, म्हणजे होकार झाला. पोरगी टोबेनाची झाली. आधी ती ताडी परत कर, मग दुसऱ्याची घे.

अझुबुइके म्हणाला, एवढा खरेपणा कोणी सांगितला होता दादा. कलेतलं काही कळत नाही, हे मी आधीच लिहिलंय.

२४ नोव्हेंबर

टोबेना सापडला. वारी शहरात पाद्री झालाय, स्वतःचं चर्च, लाऊडस्पीकर. मी फोनवर म्हटलं, जावईबापू! तो घाबरला. समजावलं. चांगला पोरगा, येतो म्हणाला.

विधी सोपा आहे. भावकीसमोर मी शिंग भरायचं, ओठाला न लावता टोबेनाच्या हातात द्यायचं, म्हणायचं, तुझी ताडी तुला परत. त्यानं ती जमिनीवर ओतायची. संपलं. सहा डिसेंबरला. उझोही येणार आहे त्या दिवशी.

ओठाला न लावता. एवढं तर मूलही करील.

१ डिसेंबर, सोमवार

काळी बिअरही बंद. हा खरा सोमवार. आधीचे सोमवार सरावाचे होते.

आरशासमोर रिहर्सल केली. मगमध्ये पाणी भरलं, पुढं केलं, तुझी ताडी तुला परत. बापाच्या आवाजात. पहिल्या टेकला आवाज राजाचा निघाला, दुसऱ्यालाही. तिसऱ्याला घसा बसला. मामा एबेरे जिन्यातून ओरडली, कुणाला परत करताय महाराज, आधी माझ्या बाटल्या परत करा.

५ डिसेंबर

उद्या. साधा पांढरा सदरा इस्त्री केला. टोपी घेतलेली नाही. म्हणजे पिशवीत आहे, पण ती उन्हासाठी.

उझोला काय बोलायचं ते पाठ केलं. फार नाही. तुझ्या आईसारखी दिसतेस, एवढंच. हे कुठल्याही पिक्चरमध्ये नाही, मी स्वतः लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, ग्लिसरिनशिवाय.

७ डिसेंबर

काल गेलो होतो. काही विशेष नाही.

८ डिसेंबर

लिहून टाकावं. मनावरचं ओझं उतरतं म्हणतात.

पूल ओलांडताना बसमध्ये एक छोटी बाटली. गावठी. घशासाठी, आवाज बसला होता ना. ही पिण्यात धरता येत नाही.

अंगणात भावकी बसली होती. टोबेना कोटात, घामेजलेला. उझो घराच्या दाराशी उभी. मी तिच्याकडं पाहिलं. आईसारखीच दिसते. पण बोलायच्या आत काकांनी कोलाफळ फोडलं आणि मला शिंग दिलं.

भरलं. हात अजिबात थरथरला नाही. पुढं केलं. तुझी ताडी, म्हणालो. आणि कुंपणावरून पोरं ओरडली, इग्वे! इग्वे! एका दमात! सगळ्यांचे फोन वर. अख्खं गाव लोटलं होतं.

त्यांना मी काय सांगू? हात माझा नव्हता. तो हात त्या शॉटचा होता. शिंग वर गेलं, रिकामं झालं, मी उलटं धरलं, मिशी पुसली. डरकाळीसुद्धा फोडली.

पोरांनी जल्लोष केला. भावकीतलं कोणी हललं नाही. टोबेनानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ओन्वुबिको काका म्हणाले, दुसऱ्यांदा प्यायला रे हा, आता पोरगी दोनदा टोबेनाची.

उझो आत गेली. ऊन फार होतं.

१० डिसेंबर

भावकीचा निकाल कळला. त्याच संध्याकाळी, मला बसमध्ये बसवून दिल्यावर, काकांनी अझुबुइकेला शिंग भरायला लावलं. त्यानं ओठाला न लावता दिलं. टोबेनानं ओतलं. पोरगी मोकळी झाली. छान.

पण काका म्हणतात, परत करणारा तोच देणारा. ज्यानं लेक सोडवली तो तिचा बाप. खुर्चीत अझुबुइके बसणार.

अझुबुइके फोनवर रडत होता. म्हणाला, दादा, मी नको म्हणालो रे, पण पोरगीच म्हणाली, काका, तुम्ही बसा. मी म्हटलं, रडतोस काय वेड्या, तुला कॅमेऱ्याची सवय नाही, मान ताठ ठेव. फोन ठेवला.

मला काही वाटलं नाही. खुर्ची प्लास्टिकचीच असते.

१४ डिसेंबर

खोटं लिहिलं. वाटलं. फार वाटलं.

पण यात एक चांगलं आहे. पाहुणा म्हणून बोलावलंय. म्हणजे दार बंद नाही. शिवाय बाप काय, बसून राहतो. पाहुण्यावर कॅमेरा फिरतो.

आजपासून बंद. वाराचं बंधन ठेवलं नाही.

१९ डिसेंबर. शूटिंग.

सगळी गोष्ट खरंच राजाभोवती फिरते. राजा पहिल्या सीनच्या आधीच मेलेला आहे. उरलेला पिक्चर त्याच्या गादीसाठी भांडतो.

शवपेटीत पडून होतो. आत गरम. ओसिता म्हणाला, सर, श्वास कमी घ्या, पोट हलतंय. मेकअपवाली पिवळा रंग घेऊन आली, डोळे बघितले आणि डबी परत मिटली.

शोक करायला भाड्यानं आणलेली एक मुलगी पेटीवर पडून रडली. बाबा, बाबा, आता मी कुणाकडं बघू. चांगली रडली. टेक ओके झाला, तरी मी पापण्या उघडल्या नाहीत. म्हटलं, अजून एकदा म्हणाली तर बरं. ती जेवायला गेली होती.

सगळे म्हणाले, इतका खरा मेलेला माणूस आजवर पाहिला नाही.

२६ डिसेंबर

उद्या लग्न. तीन दिवस थेंब नाही. ही खरी गोष्ट आहे, मामा एबेरे साक्षीला. तिनं मला फुकट सूप दिलं आणि पहिल्यांदाच महाराज म्हणाली नाही. म्हणाली, दादा, जाऊन या, गुपचूप बसा, पोरीला डोळाभर बघा आणि या.

तेवढंच करणार आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

गेलो. शुद्धीत गेलो.

मागच्या मांडवात जागा दिली. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून पिशवीतली लाल टोपी काढून घातली. फक्त टोपी. तेवढ्यात माइकवाल्यानं ओळखलं, आपल्यात कोण आहेत बघा! इग्वे! टाळ्या. पोरं फोटोला आली. मी नको म्हणत होतो. दोन-तीनदा म्हणालो असेन.

अझुबुइके खुर्चीत ताठ बसला होता. मान फारच ताठ. पेला भरून उझोला दिला, त्याचा हात थरथरत होता आणि माझा नव्हता.

ती पेला घेऊन गर्दीत निघाली. वाटेत सगळे पुरुष हात पुढं करतात, ए, इकडं ये, तुझा नवरा मी, मला पाज. गंमत असते ती. ती हसत हसत पुढं जात होती. आमच्या मांडवात आली. शेजारचे ओरडले, इग्वेला! इग्वेला!

माझा हात पुढं गेला. प्यायला नव्हता गेला. देवाशपथ नव्हता. डोक्यावर ठेवायला गेला असेल, आशीर्वादाला, मलाही नक्की माहीत नाही.

ती थांबली. माझ्या हाताकडं बघितलं, मग टोपीकडं. मला वाटलं आता बोलते. मी तिला सांगायचं ते वाक्य तोंडात आणून ठेवलं होतं.

तिनं दुसरा पंजा पेल्यावर झाकण ठेवावं तसा ठेवला. हळू म्हणाली, इग्वे, जरा वाट द्या.

मी पाय आत घेतले. ती गेली. टोपी डोक्यावरच होती.