खिडकीतला निळा कागद

रेव्हन्सी, ३ जून २०१९

चि. एडविन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बंदरावरची आपली जुनी खानावळ लोमॅक्सने विकत घेतली. हो, तोच, खानावळीच्या शेजारच्या घरातला लोमॅक्स. तिथे तो रात्री बारापर्यंत वाइन आणि पियानो चालवणार आहे. पियानो, एडविन! बाबांचा पियानो ऐकून ज्याचं डोकं दुखायचं, तो.

परवान्याच्या अर्जाची सूचना अठ्ठावीस दिवस दर्शनी खिडकीत फिक्या निळ्या कागदावर हवी. बारा वर्षांपूर्वी बाबांनी असाच अर्ज केला तेव्हा सत्ताविसाव्या दिवशी याच माणसाने बाबांच्या खिडकीचा फोटो नगरपालिकेत नेऊन दिला. कागद पांढरा, म्हणून अर्ज बाद. पुन्हा अठ्ठावीस दिवस मोजेपर्यंत उन्हाळा गेला, गिऱ्हाईक गेलं, खानावळही गेली.

संध्याकाळी पाचला कुलूप लावून घरी जाणारी माणसं पाचनंतरच्या गावाचे नियम करतात, आणि दिवा लावून बसलेल्या दुकानदाराला चोर समजतात. हे बदलायलाच मी नगरपालिकेत निवडून आले. पण आधी लोमॅक्स. परवाना समितीत मी आहे, आणि हरकत लिहायला घेतली आहे. बाबा वृद्धाश्रमात बरे आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई, हेस्टर

*

लर्विक, ११ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बोटीवर तुझं पत्र मोठ्याने वाचलं. आमचा खलाशी म्हणाला की तुझी बहीण नगरपालिकेत कशाला, तिला तोफेवर बसवा.

एक गोष्ट मात्र बोचते. बाबांनी तेव्हा मला लिहिलं होतं की कागद निळाच लावला होता. मी उत्तर दिलं नाही. आणि तू त्यांना काय म्हणालीस, आठवतं? म्हातारपणी रंगही कळेनासे झाले का, असं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि पियानोला हातही लावला नाही.

लोमॅक्सला खुशाल लोळव. पण बाजाराला जाता-येता त्या खिडकीवर नजर ठेव. सरळ माणूस नाही तो.

रागाच्या भरात जेवण विसरू नकोस, आणि मलाही.
तुझा एडविन

*

रेव्हन्सी, २६ जून

चि. एडविनास आशीर्वाद. वि. वि.

रोज नजर ठेवली. कागद लावला तेव्हा निळा होता, मी स्वतः पाहिला. दहा दिवसांत राखाडी झाला. आज दुधासारखा पांढरा आहे. दक्षिणेची खिडकी, समोर समुद्र, वर जूनचं ऊन.

मी रस्त्यात उभीच राहिले. मासेवाली बाई विचारत होती की बाई, बरं वाटत नाही का.

बाबा खरं बोलत होते. साऱ्या गावाने त्यांना वेंधळा म्हटलं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी फोटो काढला आहे. कचेरीत दिला की लोमॅक्स भुईसपाट. त्याच्याच हत्याराने.

तुझी ताई

*

लर्विक, २ जुलै

ती. ताईस सा. न.

फोटो दे, पण सुनावणीपर्यंत गप्प बस. त्याला आधी बोलू दे. कागद पांढरा कसा झाला, हे तो स्वतःच्या तोंडाने काय सांगतो ते मला शब्दन् शब्द हवं आहे.

एडविन

*

रेव्हन्सी, १९ जुलै

चि. एडविनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मामला घरचा, म्हणून मी समितीची खुर्ची सोडून हरकतदारांच्या बाकावर बसले. कारकुनाने माझा फोटो दाखवून सांगितलं की कागद पांढरा, सबब अर्ज बाद. लोमॅक्स लालबुंद होऊन उठला. म्हणाला, कागद निळाच होता हो, उन्हाने खाल्ला, यात माझा काय दोष?

मी अध्यक्षांना म्हटलं की हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. मग बाबांची जुनी फाइल मागवली. आपल्या कचेरीत काही फेकत नाहीत. बाबांचा तो कागद, तेव्हा पुरावा म्हणून काढून आणलेला, तिथेच होता, कोपऱ्यांना खाकी चिकटपट्टी. ती पट्टी कारकुनाने सोलली. खाली फिका निळा रंग, कालच लावल्यासारखा.

मी लोमॅक्सकडे पाहत राहिले. त्याने मान खाली घातली. बारा वर्षं मी त्याच मानेची वाट पाहत होते.

अर्ज बुडवणं माझ्या हातात होतं. पण बुडालेला माणूस विसरतो. मला तो आठवणीत हवा होता. मी हरकत मागे घेतली आणि बदल्यात नियम मागितला: पहिल्याच आठवड्यात कारकुनाने स्वतः जाऊन कागद पाहावा, चूक दिसली तर दुकानदाराला फोन करावा, आणि शेवटच्या दिवशी कुणाला परत पाठवू नये. समितीने तिथेच मान्य केला, आणि बाबांचं नाव दिलं. परवाना भिंतीवर लावावाच लागतो. लोमॅक्सच्या परवान्यावर आता लिहिलंय, 'अँब्रोस नियमाखाली मंजूर'. रोज संध्याकाळी गिऱ्हाईक विचारेल, हा अँब्रोस कोण? आणि रोज त्याला सांगावं लागेल.

रविवारी तो कागद बाबांना नेऊन दिला आणि माफी मागितली. त्यांनी निळ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले की पट्टी सोलायला बारा वर्षं लागली तुला.

मग त्यांनीच विचारलं, लोमॅक्सचं उद्घाटन कधी. सत्तावीस तारखेच्या शनिवारी, मी म्हटलं. म्हणाले, मला ने. पियानो मी वाजवणार, बारा वाजेपर्यंत, खिडक्या उघड्या ठेवून. तो अजून शेजारच्याच घरात झोपतो ना?

तू ये. माया पत्राने पुरत नाही आता.
तुझी ताई, हेस्टर