पंधरा ऑगस्टची कमांड

१ जुलै १९९७
मिरजेच्या डॉक्टरनी सांगितलं, हवालदार, फुफ्फुसातल्या रक्ताचं प्रेशर वाढलंय, हार्टवर लोड येतोय. मी म्हणलो, इंजिन आर्मीचं हाय, सर्व्हिसिंग केली की झालं. डॉक्टर हसले न्हाईत.
टार्गेट: पंधरा ऑगस्ट. यंदा स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. शाळेच्या माळावर गावच्या माजी सैनिकांची परेड, कमांड दरवर्षीप्रमाणं माझी. आप्पासो टपून बसलाय. तो नाईक म्हणून रिटायर झाला, मी त्याच्या वरचा, हवालदार. विषय संपला.

८ जुलै
समाजमंदिरात व्यायामाचा वर्ग सुरू. फिजिओथेरपीच्या प्रियदर्शनी मॅडम दर मंगळवारी रहिमतपूरहून एसटीनं येतात. माझ्याच दुखण्याचे पेशंट दोन: भामाबाई आणि गुऱ्हाळावरचा ज्ञानू. मी तिथं इन्स्ट्रक्टर म्हणून असतो. मॅडमना अजून कळलेलं न्हाई.
नियम असा, चालताना गप्पा मारायच्या. बोलताना दम तुटला की बसायचं. रांगेत गप्पा! मी बोलणंच बंद ठेवलं. मग दम तुटायचा प्रश्नच न्हाई.

१५ जुलै
भामाबाई वाटभर सुनंच्या कागाळ्या सांगत चालली. मॅडम म्हणाल्या, छान प्रगती. मी देवळाच्या कट्ट्यावर बसलो, निरीक्षणासाठी. भामाबाई म्हणाली, ओठ निळं पडल्यात तुमचं. म्हणलं, जांभळं खाल्ली.

२३ जुलै, सकाळ
मॅडम म्हणतात चढ नको. गुपचूप शाळेची चढण ट्राय केली. निम्म्यात बांधावर आडवं पडून जमिनीची पाहणी केली. मंडळी, म्हणजे आमची बायको रंगूबाई, हुडकत आली. एक शब्द बोलली न्हाई. प्लॅन पटला असणार.

५ ऑगस्ट
मॅडमनी विचारलं, कमांड एवढी कशाला हवी? म्हणलं, गावात मला नाथाजी कुणी म्हणत न्हाई, सगळे हवालदारच म्हणतात. कमांड गेली की उरतोय नुसता पेशंट. मॅडम म्हणाल्या, ट्रॅक्टरनं जा, कमांड खुर्चीत बसून द्या.
खुर्ची नामंजूर. ट्रॅक्टर मंजूर. आर्मीत त्याला मेकॅनाइज्ड इन्फंट्री म्हणतात.

१४ ऑगस्ट
बूट पायात जाईना. पावसाळ्यात चामडं आकसतं. रंगूबाई म्हणते पाय सुजल्यात. तिला चामड्यातलं काय कळतंय.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
चपला घालून ट्रॉलीतनं माळावर. छाती भरून 'सावधान' दिलं. पाखरं उडाली. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं.
मग 'विश्राम' द्यायला तोंड उघडलं. आवाज न्हाई. परत उघडलं. न्हाई.
माजी सैनिक ताठ. त्यांचं बघून शाळेची पोरं ताठ. मास्तर ताठ. सरपंचांच्या नाकावर माशी, ते पण ताठ. कमांडर बोलल्याबिगर कोण हलणार? भुरभुर पाऊस आला तरी कुणी हललं न्हाई. अशी शिस्त मी युनिटात पण बघितली न्हाई. एवढ्यात माळ फिरायला लागला.
आप्पासो रांग मोडून आला. वाटलं, घेतली यानं कमांड. त्यानं माझ्या तोंडाला कान लावला. ऐकलं. बगलेत हात घालून मला उभं धरलं, रांगेकडं तोंड केलं आणि खणखणीत ओरडला, "हवालदारसायबांचा हुकूम. विश्राम!"
सगळा माळ सैल पडला. लोकं म्हणाली, लय भारी कमांड झाली यंदा.
मी त्याच्या कानात म्हणलो होतो, "आप्पा, पडतोय रं. धर मला."