साठ मिलिमीटरच्या बाजूचे एक मत

मी, झाहारी मेतोदिएव चिलिंगिरोव, वय वर्षे शहात्तर, निवृत्त लेथ कामगार, राहणार चेपेलारे, बसस्टँडसमोरची चार मजली इमारत, जिना 'अ', तिसरा मजला, हे मृत्युपत्र आपखुशीने, अक्कलहुशारीने आणि कुणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला स्मोल्यानच्या डॉक्टरांनी दिला आहे. तसाच एक दाखला मी जिना 'ब' मधल्या तास्कोकडेही मागितला होता. तो म्हणाला, "खोट्या कागदावर मी सही करत नसतो."

त्याच डॉक्टरांनी हृदयाची झडप कामातून गेल्याचे सांगितले. "वर्षभर धरून चला," म्हणाले. हे तास्कोला माहीत नाही आणि कळायचे कारणही नाही. जिना चढताना दम लागला की मी दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला वाकतो. तो वर पाहत उभा राहतो. भोळा माणूस आहे.

१. राहते घर माझी भाची सेव्दा हिला देतो. अट एकच: दक्षिणेची बाल्कनी काचा लावून बंद करायची नाही. तास्कोने २००१ साली स्वतःची बाल्कनी काचबंद करून तिथे लोणच्याच्या बरण्या मांडल्या. तेव्हापासून आकाशाविषयी तो काय बोलतो याला माझ्या लेखी किंमत नाही.

२. लेथची हत्यारे गावातल्या तंत्रशाळेला द्यावीत. माझी शिडी मेहुणा मिंचो याच्याकडे २००३ पासून "दोन दिवसांसाठी" आहे. ती त्यालाच दिली. एरवीही ती परत येणार नव्हती. निदान माझ्या मनाचा मोठेपणा कागदावर राहील.

३. माझ्या शोकपत्रिका रिवाजाप्रमाणे दारावर, बसथांब्यावर आणि पाववाल्याच्या भिंतीवर लावाव्यात. त्याखेरीज आठ प्रती बाल्कनीसमोरच्या नगरपालिकेच्या दिव्यावर, थेट काचेला, चारही बाजूंनी चिकटवाव्यात. त्याच्या उजेडात तारे दिसत नाहीत, तो काढा म्हणून मी बारा वर्षांत एकवीस अर्ज केले. उत्तर आले नाही. पण मेलेल्या माणसाची शोकपत्रिका फाडायला आपल्याकडे नगराध्यक्षसुद्धा धजत नाही. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि दरवर्षी तिथेच नव्या लावाव्यात. कागद जाड घ्यावा. फोटो काळपट असला तर उत्तम.

४. आता मुख्य मुद्दा.

१९९९ साली मी आणि तास्को, म्हणजे अनास्तास केहायोव, आम्ही चेपेलारे आकाशदर्शन मंडळ काढले. सभासद दोन. उद्देश एक: प्रवासात नेता येईल आणि आकाशाचा मोठा तुकडा एका नजरेत दाखवील अशी छोटी भिंगाची दुर्बीण घेणे. पैसे वर्षभरात जमले. ते बिस्किटांच्या डब्यात अजून तसेच आहेत, कारण दुर्बीण ठरत नाही. घटनेप्रमाणे निर्णय बहुमताने व्हायचा. सभा दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात भरते, आणि दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मतदान होते. मी म्हणतो, साठ मिलिमीटर भिंगाची. तो म्हणतो, ऐंशीची. एकोणीस वेळा निकाल एक विरुद्ध एक.

माझी बाजू साधी आहे. साठची नळी दीड किलोची. हलक्या तिपाईवर बसते, पिशवीत पायमोज्यांशेजारी मावते. ऐंशीची नळी तीन किलोची. तिला जाड तिपाई लागते, जाड तिपाईला मोठी पिशवी, मोठ्या पिशवीला दुसरा माणूस. आणि दुसरा माणूस म्हणजे मी.

तास्को म्हणतो, "अरे, ऐंशीत जवळजवळ दुप्पट उजेड येतो. साठच न्यायची तर उघडे डोळे काय वाईट? त्यांना पिशवीही लागत नाही!"

कागदावर वाद मिटेना, तेव्हा आम्ही दोघांनी मापाला आणि वजनाला बरोबर अशा खोट्या दुर्बिणी तयार केल्या. माझी बीच झाडाच्या लाकडाची, आत शिसे. त्याची पावसाच्या पाण्याच्या पाइपाची, आत स्मिल्यानचा राजमा. त्या गळ्यात अडकवून आम्ही अकरा वर्षे प्रवास केला. २००५ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला, तेव्हा तास्कोने निम्मा राजमा शिजवून खाल्ला. (मीही जेवायला होतो. चव चांगली होती.) पुढच्या सहलीत तो म्हणतो, "बघ की, कुठं जड आहे?" ती चाचणी मी इतिवृत्तात बाद केली आहे.

ग्रीसच्या सीमेवर अधिकाऱ्याने बस थांबवून विचारले, "हे काय आहे?"

"दुर्बिणीचं वजन," मी म्हणालो.

"आणि दुर्बीण?"

"ठरत नाहीये."

त्याने वरिष्ठाला बोलावले. वरिष्ठाने दोन्ही उचलून पाहिल्या आणि म्हणाला, "मी साठ घेईन." तास्को आठ दिवस ग्रीसशी बोलला नाही. समुद्रकाठी आम्ही रोज दोन्ही नळ्या तिपायांवर चढवायचो. आमच्या घरमालकिणीने एकदा माझ्या लाकडाला डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "फार सुंदर." असे कौतुक ऐंशीच्या वाट्याला आलेले नाही.

हे लिहीत असताना तास्को मीठ मागायला आला. मी कागदावर पाव ठेवला.

"काय लिहितोयस एवढं? परत घटनादुरुस्ती?"

"मृत्युपत्र."

"छान. त्यात लिही, साठ ही माझी चूक होती म्हणून."

"मेल्यावर लिहीन."

"मेल्यावर? अरे, जिवंतपणी तुझं अक्षर कुणाला लागत नाही!" मीठ घेऊन गेला. डबा इथेच उघडा टाकून.

तो गेला म्हणून आता खरे लिहितो.

२००३ च्या ऑगस्टमध्ये उल्का पाहायला आम्ही रोझेनच्या कुरणावर गेलो होतो. सोफियाहून आलेल्या एका बाईंकडे ऐंशीची दुर्बीण होती. तास्को चहा आणायला गेला तेवढ्यात मी पाहून घेतले. ययाती तारकासमूहातले ते दोन तारकापुंज एकाच चौकटीत, शेजारी शेजारी, काळ्या ताटात पिठीसाखर सांडावी तसे. शेजारी एका गृहस्थाची साठची होती. तीही पाहिली. फरक होता. चांगलाच होता. तास्को चहा घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "ठीक आहे. जड वाटते." त्याने ऐंशीला डोळा लावला, मागे सरून मला म्हणाला, "झाहो, खरं सांग." मी म्हणालो, "खरंच सांगतोय."

पंधरा वर्षे मी खोटे मत टाकत आलो आहे. ऐंशीच बरोबर. देवाशपथ ऐंशीच.

तेव्हाच कबूल केले असते तर दुर्बीण आली असती, मंडळाचा उद्देश संपला असता, मंडळही संपले असते. मग शनिवारी तो माझ्याकडे कशाला आला असता? त्याची बायको गेल्यावर तो घरातल्या घड्याळालासुद्धा किल्ली देत नव्हता. फक्त शनिवारी दाढी करायचा, कारण माझ्याशी भांडायचे असायचे. २०११ साली मी पाच आठवडे प्लोव्दिव्हच्या इस्पितळात होतो, तर हा पाच आठवडे जिना उतरला नाही. पाववाल्याने त्याच्या दाराला अडकवलेले पाव तिथेच वाळले. मला मरणाची भीती नाही. मला त्या पावांची भीती वाटते.

मी गेल्यावर निकाल एक विरुद्ध शून्य लागेल. तास्को जिंकेल आणि दुर्बीण घेणार नाही, मी त्याला ओळखतो. बिस्किटांच्या डब्याकडे बघत बसेल. घटना मीच लिहिली आहे. मेलेल्या सभासदाच्या मताचे काय, याबद्दल तीत अवाक्षर नाही. म्हणून ते मत मी खालीलप्रमाणे देतो.

(अ) माझे मत अनास्तास केहायोव याला दिले. ते त्याने ऐंशीच्या बाजूने टाकावे, आणि दुर्बीण महिन्याच्या आत घ्यावी. माझी लाकडी साठ त्याने शवपेटीत माझ्याजवळ ठेवावी. प्रवासाला हलकी आहे.

(आ) खालच्या दुकानात शोकपत्रिका छापणाऱ्या रुसालिनाबाई यांना मंडळात घ्यावे. त्यांनी दर शनिवारी तास्कोच्या घरी जाऊन, तो जे बोलेल त्याच्या विरुद्ध बोलावे. विषय कोणताही चालेल. याला वारसा म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात, म्हणून त्यांना साक्षीदार होण्यास हरकत नसावी.

हे माझे शेवटचे म्हणणे असून यात बदल करण्याचा माझा विचार नाही.

साक्षीदार पहिले: वेलिच्को गाजुरोव, बसचालक. (सही) शेरा: लाकडी दुर्बिणीला मी खिडकीची जागा द्यायचो, हे खरे आहे.

साक्षीदार दुसऱ्या: रुसालिना पिश्मानोवा, शोकपत्रिका आणि झेरॉक्स. (सही) शेरा: या महिन्यात मी सही केलेले हे दुसरे मृत्युपत्र. पहिले कुणाचे ते सांगणार नाही, असा शब्द दिला आहे. जिना 'ब', एवढेच म्हणते. त्या माणसानेही आपले मत दुसऱ्या सभासदाला दिले आहे, आणि ते साठच्या बाजूने टाकायला सांगितले आहे. कारण असे लिहिले आहे: "झाहोला तीन किलो झेपणार नाहीत. तो दुसऱ्या मजल्यावर नाडी बांधायला थांबतो, आणि त्याच्या बुटांना नाडी नाही." म्हणजे तुम्ही दोघे मेलात तरी निकाल एक-एकच. मेल्यांनो, जिवंत आहात तोवर काय ते ठरवा! मला शनिवारी इतर कामे असतात.

ता. क. शेरा वाचून मी दाराशी जाऊन बूट पाहिले. नाडी नाही. दोन्हींनाही नाही. चार वर्षे झाली हे बूट घेऊन.

कलम ४ तूर्त स्थगित. मंडळाची तातडीची सभा आत्ता, जिना 'ब' मध्ये. मी ऐंशीचा ठराव मांडणार. तो साठसाठी अडून बसणार, बसू दे. नळी तो उचलेल, तिपाई मी. मिठाचा डबा बरोबर नेत आहे. दुसऱ्या मजल्यावर थांबेन तेव्हा आता नुसताच थांबेन.

झाहारी मे. चिलिंगिरोव (सही)
चेपेलारे, शनिवार, १७ नोव्हेंबर २०१८