टीचर, तुमची माटोळी परत आणतेय

ओ टीचर,

मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का? मी लिहितेय. माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर वाकडं आलं तर तिथूनच मान वाकडी करून वाचा. आज आमच्या मानसीने कॉलेजची पिशवी रिकामी करून खुंटीला लावली. म्हणाली, "डिचोलीला कपड्यांच्या दुकानात माणूस हवंय. मी जाते." राग आलाय मला. तुमचाच!

ही माझी नात म्हणजे नुसतं मुकं भांडं. वर्गातही मागच्या बाकावर. तुम्ही काय केलंत? चवथीच्या आधी गणपतीवर टांगतात तशी माटोळी वर्गातच टांगलीत! लाकडी चौकट, आणि ज्याने त्याने आपल्या रानातलं फळ आणून तिला बांधायचं, त्याच्याविषयी बोलायचं. आमची मानसी कवंडळाचं लालभडक रानफळ घेऊन गेली आणि घरी आली ती बडबडतच. "आजी, मी चुकले, तरी कोण हसलं नाही! टीचर म्हणाली, आणखी सांग." दुसऱ्या दिवसापासून पहिल्या बसला आपली आपण उठायला लागली.

आणि तुम्ही? आजार लपवून एकदम गेलात! पोरांना विचारायची सवय लावलीत, मग सगळे तुमच्यासारखे नसतात हे सांगून तरी मरायचं होतं!

तुमच्या जागी सर आलाय. हिने काही विचारलं तर म्हणाला, "खाली बस. परीक्षेला नाही ते." वर्ग हसला. माटोळी काढून त्याने जिन्याखाली टाकली. पोरीने ती चौकट उचलून बसमध्ये घातली. नुसती चौकट बघून कंडक्टर विचारतो, "बाये, गणपती खंय सोडलो?" परत सगळे हसले. त्या दिवसापासून ही घरात.

मी ओरडले, "त्या मेल्या सरापायी शिकणं सोडतेस?"

"थंय वर्गात म्हाका कोण विचारता, आजी?"

बघा, मलाच उलटा प्रश्न! त्याचाही राग तुमच्यावरच.

रडायला मला येत नाही, तेव्हा सांगते ते ऐका. उद्या पहिल्या बसने आम्ही दोघी तुमच्या कॉलेजात येतोय. चौकटीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. होती तिथेच टांगून घेणार. सराला काय बोलायचं ते माझ्याशी बोलूदे. ती उठून प्रश्न विचारेपर्यंत मी वर्गाच्या दारातून हलणार नाही. मग हसूदे कोण हसतो तो!

तिला अजून सांगितलेलं नाही. पिशवी मात्र भरून ठेवलीय.

तुमच्यावर रागावलेली,
मानसीची आजी