घोडी वरातीची नव्हे

मी, सायराबानू बडेसाब नदाफ, वय एकाहत्तर, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना माझे डोके तरुणपणापासूनच फिरलेले वाटते, त्यांनी तो दोनदा वाचावा.

१. राहते घर व बँकेतील ठेव यांत मुलगा एजाज आणि मुलगी आयेशा यांना शरियतप्रमाणे बसेल तो हिस्सा मिळावा. मृत्युपत्राने मला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येते, असे वकील म्हणाले. मला द्यायचे आहे ते त्यात आरामात बसते.

२. माझा डबल बास, म्हणजे उभ्याने वाजवायचे माणसापेक्षा उंच तारवाद्य, घोडीसह, एजाजची मुलगी नाजनीन हिला द्यावा. 'घोडी' ऐकून टायपिस्टने विचारले, "आजी, रंग कोंचा? चारापानी कोन बगनार?" म्हणून खुलासा करते. घोडी म्हणजे तारांखाली उभा असलेला लाकडी तुकडा. तारांचा आवाज तिच्या पायांतून वाद्याच्या पोटात उतरतो. वरातीची घोडी आमच्याकडे कधीच नव्हती. माझा नवरा लग्नाला सायकलवर आला होता.

३. हा बास मी हिंदुरावांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. घोडी इतकी उंच, की तारा दाबताना बोटांतून रक्त यायचे. ती बदला असे मी म्हटले, तर सगळ्यांसमोर हिंदुराव म्हणाले, "वाद्य मानसासाटी बदलत नसतंय बाई. तुमी बदला, न्हायतर घरी बसा."

मी घरी गेले, पण बसायला नाही. नवरा हातमाग दुरुस्त करणारा सुतार. मोडीत निघालेल्या मागाच्या सागवानातून त्याने नवी घोडी कापली. पहिली फार बुटकी झाली, तारा खालच्या, बोटे दाबायच्या पट्टीला लागून खरखर करायच्या. दुसरीचे पाय नीट टेकेनात, आवाज सर्दी झाल्यासारखा. "तू बजा सायरा, मैं कान लगाको बैठतूं," म्हणत त्याने तिसरी घासली. अक्कलकोटच्या कार्यक्रमात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हिंदुराव आजतागायत "बरं वाजवलं" एवढेही म्हणालेले नाहीत. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा बास मीच विकत घेतला. पावती कपाटात आहे.

४. हिंदुरावांची ती उंच घोडी माझ्या ट्रंकेत, जुन्या दुपट्ट्यात आहे. ती त्यांना घरी नेऊन द्यावी. ते हयात आहेत, अल्लाह त्यांना सलामत ठेवो, माझा निरोप पोचायला हवा. म्हणावे, वाद्य बदलतंय की!

५. एजाज, तू म्हणालास, "अम्मी, बासला पुन्याचं गिऱ्हाईक हाय. ही सुताराची घोडी काडून बाहेरच्या देशातली बसवतो म्हनतंय. तुमी कशाला लई मनाला लावून घेता?" तो सुतार तुझा बाप होता. मला फार लागले, ते आता लिहिते. बास विकायचा नाही.

६. आता माझीच चूक. नाजनीन माझ्यापेक्षा वीतभर उंच, हात दणकट. गेल्या महिन्यात म्हणाली, "दादी, तारा लई खाली हायेत. जोरात वाजवलं की पट्टीला लागत्यात. घोडी बदलूया की." मी ओरडले, "आहे तसंच वाजव!" पोरीने बास भिंतीला टेकवून ठेवला. दोन दिवस मला जेवण गेले नाही, कारण तोंड माझे होते आणि बोलले होते हिंदुराव.

म्हणून लिहिते. नाजनीनने आपल्या हाताच्या मापाची नवी घोडी करून घ्यावी. सगळ्या तारा एकदम सैल करू नयेत, वाद्याच्या पोटात तारांच्या दाबाने उभा असलेला दांडका पडतो. तिच्या दादांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रंधा आणि पटाशी तिलाच द्यावी. माझी घोडी काचेच्या कपाटात पुजत बसू नये. बदलताना तिने कुणालाही विचारायचे नाही. मलासुद्धा नाही.

वरचा मजकूर मी स्वतः वाचला, दोन ठिकाणी टायपिस्टशी भांडले आणि मग सही केली.

सही: सायराबानू बडेसाब नदाफ

आमच्यादेखत सही झाली, साक्षीदार:
१. मल्लिनाथ हत्तुरे, निवृत्त शिक्षक
२. गुरम्मा कोळ्ळी, शेजारीण

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५