वळणावरच्या चाव्या

१८ एप्रिल

लागलो एकदाचा कामाला. आणि काम असं की चालायचा पगार मिळतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, फुकट भटकत होतास, आता पगारी भटक.

सांगलीच्या कडेनं, हळदीच्या गोदामांमागून जाते ती जुनी एकेरी लाईन. तिच्यावर शटल धावते. लाईन इतकी म्हातारी की वळणावर रुळांखाली अजून लाकडी स्लीपर आहेत. उन्हाळ्यात रूळ तापून लांबतात, लांबायला जागा नसली की वाकडे होतात. मग शटल कधी तासभर उभी, कधी रद्दच. म्हणून ठेकेदारानं उन्हाळ्यापुरता एक गडी घेतलाय, तो मी. भर दुपारी हॉल्टपासून वळणापर्यंत चालायचं, रूळ बघायचा, काही बिघडलं दिसलं तर शटलला लाल झेंडी दाखवायची. बस्स.

राहायला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची दगडी खोली. पंखा आहे, त्याला वाटलं तर फिरतो. याआधी तासगावात बेदाण्याच्या शेडवर होतो. तिथं द्राक्षं वाळायला लागली की असा गोड वास सुटतो की डोकं गरगरतं, आणि मधमाश्या तर... पण ते राहू दे, लाईनचं लिहीत होतो. ही डायरी खताच्या दुकानात फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली पिकावरच्या माव्याचं नाहीतर करप्याचं औषध छापलंय.

१९ एप्रिल

जोतीराममामांची ओळख झाली. ते चावीवाले, माझ्याच खोलीत राहतात. रूळ स्लीपरवर घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी असतात, त्यांना इथं चाव्या म्हणतात. मामा रोज हातोडा घेऊन निघतात आणि सैल चावी दिसली की ठोकून बसवतात. मिशा पांढऱ्या, तोंड तिखट. मला बघून पहिलंच बोलले, ह्यो काय रूळ बघणार, ह्याचीच चावी ढिली हाय. मी म्हणालो, मग ठोका की. तिथून आमचं जमलं.

लाईनवर एक रीत आहे. आपला पट्टा तपासून झाला की चावीवाला रुळावर दोन ठोके देतो. रुळातून ते लांबवर ऐकू जातात. पलीकडचा गडी एक ठोका परत देतो, म्हणजे मी हाय. फोन आहेत सगळ्यांकडं, पण मामा म्हणतात, फोनची रेंज जाती, रुळाची जात न्हाई. एक मात्र दोनदा बजावलं, माणूस डोळ्यानं दिसल्याबिगर जबाब द्यायचा न्हाई. का, विचारलं, तर रीत हाय म्हणून. फौजेच्या भरतीतही असंच होतं, का विचारायचं नाही. म्हणून तर थोरला भाऊ नाथाजी फौजेत आहे आणि मी इथं.

२२ एप्रिल

दुपारच्या शटलला भाजी विकून परत जाणाऱ्या बायकांचा एक अख्खा डबा असतो. त्यांच्या म्होरक्या बनुबाई. वळणावर गाडी हळू झाली की खिडकीतून मला काकडी फेकतात, आणि काकडीबरोबर टोमणा. आज ओरडल्या, आरं ए रूळराख्या, सावलीत मर की, असाच करपलास तर पोरगी कोण दील तुला? सगळा डबा हसला. मी पण ओरडून सांगितलं, तुमचीच एखादी बघा. काकडी कोवळी होती.

इतक्या थोड्या दिवसांत कुठल्या जागेची मला सवय होत नाही. इथं होतेय.

२५ एप्रिल

आज एक गंमत झाली. म्हणजे गंमतच म्हणायची.

वळणावर बाभळीखाली बसलो होतो. मुंग्या एका मेलेल्या टोळाची मिरवणूक काढून चालल्या होत्या, ते बघत होतो. तेवढ्यात रुळातून दोन ठोके आले. वळणाच्या पलीकडून. वाटलं, मामा आज लवकर आले. उठून बघायचा कंटाळा आला. बसल्याबसल्या कामावर मिळालेला पाना उचलला आणि दिला एक ठोका.

एकदम सगळं गप्प झालं. होले घुमत होते तेसुद्धा.

खोलीवर आलो तर मामा मिठाच्या पाण्यात पाय घालून बसलेले. सकाळीच घोटा मुरगळला, दिवसभर खोलीबाहेर पडलेच नव्हते. मी ठोक्याचं हसतहसत सांगितलं. मामा हसले नाहीत. जबाब दिलास का, एवढंच विचारलं. व्हय, म्हणालो. त्यांनी पाय पाण्यातून काढला, पुसला आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडले.

वस्तीतली पोरं असणार. दुसरं कोण?

२८ एप्रिल

वळणावरच्या चाव्या निघाल्यात. सैल नाही, पार निघाल्यात. चोर म्हणावं तर त्यानं लोखंड नेलं असतं. ह्या तर प्रत्येक स्लीपरशेजारी खडीवर ओळीनं मांडलेल्या. गंज खरवडलेला, वर तेलाचा हात फिरवलेला. मामा लंगडत आले, दोघांनी मिळून शटल यायच्या आत बसवल्या. मामा सारखे मागं वळून बघत होते.

सुपरवायझर जिनेशसाहेबांना फोन केला. माझ्याच वयाचे आहेत, पण शर्टाला इस्त्री आहे म्हणून साहेब. म्हणाले, उन्हाचं प्रसरण होतं, सीझन सरला की गँग लावतो. मी म्हणालो, साहेब, प्रसरण चावीला तेल पण लावतं का? म्हणाले, जास्त बोलू नको, गस्त घाल.

३० एप्रिल

पुन्हा तेच. पुन्हा दोघांनी बसवल्या. मग मी मामांना सरळ धरलं, म्हणालो, आज सांगितल्याशिवाय सोडत नाही.

मग त्यांनी सांगितलं. ह्या वळणावर पूर्वी ज्ञानू नावाचा चावीवाला होता. अशाच उन्हात भोवळ येऊन रुळावर पडला. पडल्यापडल्या ठोके देत राहिला, दोन, पुन्हा दोन. पलीकडं बदली गडी यायचा होता, तो पाठवलाच नव्हता. जबाब आला नाही. ज्ञानू गेला, पण ड्यूटी सुटली नाही. म्हणून लाईन सगळीकडं खिळखिळी झाली तरी वळणावरची चावी कधी ढिली झाली नाही. मामा तिथं हातोडा नुसता मिरवायला नेतात. ऊन चढलं की तो ठोके देतो, बदली आली का म्हणून विचारतो. आजवर कुणी जबाब दिला नव्हता. मी दिला, म्हणजे त्याच्या लेखी बदली आली.

चार्ज सोडताना जुना चावीवाला आपल्या चाव्या काढून, साफ करून मांडतो. नव्यानं त्या एकट्यानं, आपल्या हातानं बसवायच्या. मग पट्टा नव्याचा. आपण दोघं बसवतोय म्हणून त्याच्या लेखी चार्ज होत न्हाई, मामा म्हणाले. म्हणून त्यो रोज काढतोय. तू एकट्यानं बसवल्यास की त्यो सुटला. आन् तू अडकलास.

मग म्हणाले, पोरा, तू तसा बी फिरस्ता, उद्याच्या गाडीनं सटक. मी बघतो काय ते.

सुजलेल्या घोट्यानं काय बघणार? मी नाही म्हणालो. बेदाण्याची शेड सोडली, ट्रॅक्टर सोडला, हायवेवरचं हॉटेल सोडलं, कंटाळा आला म्हणून सोडलं. मेलेल्या माणसाच्या धाकानं मी काही सोडणार नाही. आणि त्या डब्यात बनुबाई असतात.

३ मे

तो आता उशिरा काढतो. मुद्दाम. शटल जवळ आली की काढतो.

आज त्याला पाहिलं. रूळ तापून हवा हलत होती, त्या हलत्या हवेत एक पाठ. खाकी कापड, वाकलेली. एकेक चावी काढत होता, धोतराच्या सोग्यानं पुसावं तशी सदऱ्यानं पुसत होता. सावली नव्हती.

मी दगड मारला. लागला नाही. शिव्या दिल्या. त्यानं मान वळवली नाही, फक्त हात थांबला. जरा वेळ. मग पुढची चावी. मामांना हाक मारली आणि शटल यायच्या आत दोघांनी कशाबशा बसवल्या.

५ मे

आज आधीच वळणाच्या अलीकडं जाऊन लाल झेंडी दाखवली. शटल उभी केली. चालक उतरून वळणापर्यंत चालत आला आणि बघितलं तर एकूण एक चावी जागेवर. त्यानं माझी आई काढली. मागून बायका ओरडत होत्या, ऊन चढलंय का रं डोक्यात? बनुबाई तेवढ्या माझ्याकडं बघत होत्या.

संध्याकाळी जिनेशसाहेब आले. झेंडी काढून घेतली. महिना भरेपर्यंत राहा, मग जा, म्हणाले. मी म्हणालो, एक दुपार माझ्याबरोबर वळणावर बसा. त्यांनी घड्याळ बघितलं.

शटल गेल्यावर चाव्या पुन्हा खडीवर होत्या. आम्ही दोघांनी बसवल्या. माझ्या हाताला फोड आलेत. येऊ देत.

८ मे

मामांना ऊन लागलं. दुपारी चाव्या बसवून झाल्यावर वळणावरच कोसळले. डोळे पांढरे. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शुद्धीवर येऊन पहिलं हेच म्हणाले, उद्या जाऊ नगंस. माझी शपथ हाय.

शपथ घातली नसती तर बरं झालं असतं. जिनेशसाहेबांना फोन केला, उद्यापुरता एक तरी माणूस द्या. माणूस नाही, म्हणाले. शटल बंद ठेवा. ते माझ्या हातात नाही, म्हणाले.

मग कुणाच्या हातात आहे?

९ मे

वळणावर आहे. एकटा. चाव्या अजून जागेवर. लिहीत बसलोय म्हणजे वेळ तरी जाईल.

रुळातून दोन ठोके आले. आता अगदी जवळून.

तोंडावर सांगितलं त्याला— ज्ञानूबा, तुझी बदली ज्यांनी पाठवली नाही, त्यांतला मी नाही. माझ्यावर कशाला? तुला सुटायचंय तर सूट, त्या बायकांच्या जिवावर कशाला—

काढतोय. एकेक. सावकाश, पुसून.

लांब फाटकापाशी शटलची शिट्टी झाली. पळत जाऊन अडवायला वेळ नाही. हातोडा मामांचा आहे. बसवणार. त्यानं अडकवलं म्हणून नाही. मला बसवायच्यात म्हणून.

९ मे, नंतर

गेली. सुखरूप गेली. शेवटची चावी ठोकली आणि चाक तिच्या शेजारून गेलं.

तो पलीकडच्या बाजूनं निघून गेला. हात झटकत. वळून बघितलं नाही.

बनुबाई खिडकीत होत्या. हातात काकडी. बाभळीकडं बघितलं, रुळाकडं बघितलं— मी समोर उभा. हात केला. ओरडलो. शेजारणीला विचारत होत्या, पोरगं कुठं गेलं गं आज?

रुळावर हात टेकलाय. चटका बसत नाही.

११ मे

खोलीकडं जायला निघतो. चालतो, चालतो— वळणावरच असतो.

तहान नाही. घाम नाही. चाव्या सगळ्या घट्ट आहेत. एक हलली की कळतं, दात हलल्यासारखं.

ठोके द्यावेसे वाटतात. लय वाटतं. दोनच. कुणीतरी मी हाय म्हणावं—

नाही देणार.

१२ मे

मामा आलेत. काठी टेकत. दवाखान्यातून तसेच. माझ्या नावानं हाका मारतायत. शिवतेज, आरं शिव्या, भाड्या, ये की रं माघारी. मी समोर उभा आहे, ते माझ्या आरपार बघतायत—

गुडघ्यावर बसले. रुळाला कान लावलाय. हातात पाना. उचलून धरलाय. माणूस दिसल्याबिगर द्यायचा नाही म्हणणारा म्हातारा पाना उचलून थांबलाय. म्हणतोय, नुसतं ठोक पोरा. मी देतो जबाब. माझं वय झालंय. ठोक.

देईल. मला माहीत आहे, देईल.

मामा, उठा. ऊन लागंल. घरी जावा. मी ठोकणार नाही. तुमच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. इथून पुढं ह्या वळणावर कुणाची बदली यायची नाही. मी आहे. बनुबाईंना सांगा, गाडी बिनघोर—

हात उचलतोय. मी उचलत नाही, हातोडाच— नाही. नाही म्हणालो ना. दोन्ही हातांनी धरलाय, छातीशी, रुळापासून लांब— लिहायला हात सोडावा लागतो, सोडला की तो खाली— आता लिहीत नाही, धरून बस