कोणालाही न सांगितलेला समुद्र

५ जानेवारी, रविवार
ऑगस्टपासून वही उघडली नाही. क्षमस्व. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे का, यावर दहा मिनिटं विचार केला. आहे. तरी मागितली.

डिसेंबरात लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मेघाला भेट द्यायची राहिलीच होती. काय हवं विचारलं. साडी म्हणेल असं वाटलं. म्हणाली, दोन दिवस अशा ठिकाणी घेऊन चला, जिथे मला कोणी 'वहिनी' म्हणून हाक मारणार नाही.

मागणी रास्त आहे. मेहरूणचं आमचं घर जाण्यायेण्याच्या रस्त्यावर. जळगावात कामाला आलेला प्रत्येक नातेवाईक पाणी प्यायला म्हणून येतो आणि जेवून जातो.

निश्चय: समुद्र. शांत, स्वस्त, टुरिस्ट नसलेला. फक्त तिघं: मी, मेघा, भाविका (इयत्ता नववी).

११ जानेवारी, शनिवार
'गर्दी नसलेले किनारे' असं शोधलं. सगळ्या याद्यांत तीच दहा गावं. एका व्हिडिओचं नाव 'इथे कोणीच जात नाही'. चौदा लाख लोकांनी पाहिलाय.

१८ जानेवारी, शनिवार
सापडलं! नकाशा मोठा करत करत किनाऱ्यावरून खाली आलो. एका गावात हॉटेलची एकही खूण नाही. फक्त एक किराणा दुकान. दुकानदाराला फोन केला. त्याने एका बाईंचा नंबर दिला. त्यांच्याकडे दोन खोल्या आहेत. बाई म्हणाल्या, इथे काही नाही हो, कशाला येताय? तिथेच पक्कं केलं. ७ ते ९ फेब्रुवारी.

गावाचं नाव इथेही लिहीत नाही. गर्दी अशीच सुरू होते.

२० जानेवारी, सोमवार
रजेचा अर्ज. 'कारण' या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिणं खोटं नाही, पण अपुरं वाटलं. 'समुद्र' लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या हेमराजभाऊंनी वाचलं. वा, समुद्र, म्हणाले. मी रीतीप्रमाणे म्हणालो, चला ना तुम्ही पण.

यावर समोरच्याने म्हणायचं असतं, नाही नाही, या तुम्ही जाऊन. डबा उघडताना आपण 'या जेवायला' म्हणतोच. कोणी ताट घेऊन येत नाही.

हेमराजभाऊ म्हणाले, तारीख कोणती?

ते चौघं. आम्ही तिघं. सात माणसांना गर्दी म्हणता येणार नाही.

२६ जानेवारी, रविवार
धुळ्याचे रुपचंद मामा आले. भाविकाच्या तोंडून सहलीचं निघून गेलं. कथा जाई राहिना रे भाचा, म्हणजे कुठे निघालास, असं विचारलं. स्वयंपाकघराच्या दारातून मेघा मान हलवत होती. पण वडीलधाऱ्यांशी खोटं कसं बोलायचं? आणि खरं सांगितल्यावर 'चला ना' म्हणणं आलंच.

मामा म्हणाले, सत्तर वरीस व्हई ग्यात, समुद्र दखाना राही गया. मग आनंदाने म्हणाले, आम्ही बठ्ठा येतस!

बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे म्हणजे किती, हे विचारणं असभ्य वाटलं.

मेघा आत वळली. चहा टाकला.

२ फेब्रुवारी, रविवार
बठ्ठा म्हणजे पंधरा. एकूण बावीस. सतरा सीटर गाडी आणि हेमराजभाऊंची कार. भाविकाने व्हॉट्सअॅप ग्रुप काढला: 'शांत समुद्र'. सकाळपासून एकशे चाळीस मेसेज.

खोलीवाल्या बाईंनी फोनवर विचारलं, माणसं किती नक्की? म्हणालो, घरचेच. म्हणाल्या, म्हणजे तिघंच ना? मी परत म्हणालो, घरचेच.

हे खोटं होतं का? आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे बहुधा असावं. तासाभराने फोन करून आकडा सांगितला. बाईंनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, अंगणात गाद्या टाकते, पण जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

ग्रुपवर टाकलं. सहा मिनिटांत नऊ उत्तरं आली. सगळ्यांचं एकच: वहिनी आहेत ना!

५ फेब्रुवारी, बुधवार
मेघा म्हणाली, या तुम्ही जाऊन.

एवढ्या माणसांत रीत फक्त तिने पाळली.

मी म्हणालो, सगळं रद्द करतो. खरंच म्हणालो. बहुतेक. ती म्हणाली, मामांनी समुद्रासाठी हाफ पँट घेतलीय, आता रद्द केलं तर पाप लागेल. मग विचारलं, सगळे नक्की जातायत ना? कोणी मागे तर राहत नाही? निघताना मोजून घ्या.

चिडलेली वाटली नाही. चिडलेली असती तर बरं वाटलं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. समुद्रकिनारी, संध्याकाळी ६
गाव खरंच शांत आहे. म्हणजे होतं.

मामा हाफ पँटमध्ये घोट्याएवढ्या पाण्यात तासभर उभे होते. शेवटी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, खारंच शे रे. डोळे पुसत होते. निदान त्यांच्यापुरतं माझं चुकलं नाही.

हेमराजभाऊंनी स्पीकर आणलाय. दुपारची एकवीस माणसांची डाळ मी केली. भाविका म्हणाली, पप्पा, मम्मीला हे रोज येतं. दोन गावकरी बाइक थांबवून आमच्याकडे बघत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, इथे पण सुरू झाले टुरिस्ट.

मेघाला तीन फोन केले. तिसरा उचलला. काय करतेस विचारलं. म्हणाली, काही नाही. एकोणीस वर्षांत हे दोन शब्द तिच्या तोंडून अशा आवाजात ऐकले नव्हते. लाटांचा आवाज ऐकवू का म्हणालो. नको म्हणाली, इथे छान आहे. जेवलीस का? बघते. मग म्हणाली, ठेवू?

तिला हाका मारणारे सगळे इथे माझ्यासमोर वाळूत बसलेत. मी निघताना मोजले होते. आता तिथे तिला उठवणारा मीच तेवढा उरलोय.

उद्याचं काम: मेघाला फोन न करणे.